सातवा रकाना

फॉर्मचा सातवा रकाना तीन बोटं रुंद आहे.
बियाण्याचा उगम. पावती क्रमांक. दिनांक.
चोपड्यात, जिनिंगच्या मागच्या खोलीत बसून
मी त्रेचाळीस जणांचे सातवे रकाने भरतो,
म्हणजे भरायचे असतात.

सेंद्रिय शेताला बीही सेंद्रियच हवं, असा नियम.
नियम चांगला आहे. मीच तो गटाला वाचून दाखवला,
दोनदा, दुसऱ्यांदा जरा हळू.
मग पुण्याला फोन केला, अकोल्याला केला, इंदूरला केला.
दादरचं बी? बिनऔषधाचं? किती?
चार क्विंटल म्हटलं की पलीकडे
कुणीतरी खुर्ची सरकवतं.
अखेर बारा किलो आलं,
कुरिअरनं, आहेरासारखं गुंडाळून,
आणि बिल असं की उखर्डूतात्यांनी ते
चष्मा काढून वाचलं, मग घालून वाचलं.

तात्यांचं एक सांगतो, गटात बोलू नका.
ते दुकानातून गुलाबी बी घेऊन आले
आणि बोअरखाली बसून धूत राहिले.
"धोई टाकं ना भो, तीन पानी."
मोरीतून गुलाबी ओघळ निघाला तो थेट
कढीपत्त्याच्या आळ्यात.
तिथं कोंबडी चोच घालायला आली, तिला त्यांनी हाकललं,
आणि तसेच उभे राहिले, हात ओले.
संध्याकाळी आपणहून खोलीवर आले.
म्हणाले, माझा रकाना कोराच ठेव.

वैजापूरच्या पुढं डांबर संपतं, मग चढ.
पाड्याखाली नाल्याकाठी काळ्या मातीची एक पट्टी आहे,
ती रुमलीबाई पावराची.
तिच्या कणगीत दादर होती: राख, कडुनिंबाचा पाला,
वर शेणानं लिंपलेलं तोंड.
ते तिनं खुरप्याच्या टोकानं फोडलं,
मी शिंकलो, पोरं हसली.
विकत नाही, म्हणाली.
एक पायली नेलीस तर सव्वा पायली आण.
होळी झाली की.

पावती मागायला तोंड उघडलं आणि मिटलं.
पण उगम विचारणं भाग होतं.
धडगावकडच्या बाट्यानं दिलं, एका करडावर.
आणि बाट्यानं कुठून आणलं?
त्याच्या मेव्हण्यानं चोरलेलं, कुणाच्या तरी खळ्यातून.
चोरीचं बी जोरात येतं, भाऊ,
असं म्हणून तिनं माझ्या ओंजळीत माप ओतलं.
तीन बोटांच्या रकान्यात मी हे कसं बसवू?

शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटात गुंडाळले,
टेबलाखाली ठेवले, फायलींच्या गठ्ठ्यालगत.
चौथ्या दिवशी एकोणऐंशी.
तसं लिहिलं. चालतंय तेवढं.
बाकीचे एकवीस झटकायला दारात गेलो
तर तात्या पायरीवरच.

थांब, म्हणाले.
माझ्याआधीची तिघं गेली.
मी झालो तेव्हा मला उखर्ड्यावर नेऊन ठेवलं,
शेजारच्या सोनारणीनं सव्वा रुपयाला विकत घेतलं
आणि परत आईच्या मांडीवर दिलं.
म्हणून हे नाव.
एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळली,
बियांचं काही बोललेच नाहीत.

मी गोणपाट पुन्हा भिजवलं.
सहाव्या दिवशी काही नाही, वास मात्र सुटला.
सातव्या दिवशी दोन:
एक वाकडा, एक पांढराफटक, मुळाला दाण्याचं टरफल अडकलेलं.
टक्केवारी आधीच शाईनं लिहून झाली होती.

तपासणीचे साहेब गुरुवारी येणार.
सातव्या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलंय,
उगम: वैजापूरच्या वर, नाल्याकाठ.
पावती क्रमांक: सव्वा पायली देणं.
दिनांक: होळीनंतर.